आज ते मिळणार नाही, साहेब

रविवारची संध्याकाळ, साडेआठचा सुमार. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या एका मोठ्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये चौघं बसली आहेत: आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि आठ-नऊ वर्षांची नात. मेन्यूकार्ड जाडजूड, प्लॅस्टिकच्या वेष्टणातलं, पानं एकमेकांना चिकटलेली. नातीला मंचाव सूप हवंय. आजोबांना चावायला त्रास होतो, म्हणून त्यांच्यासाठी दाल खिचडी. सुनेने मशरूम मसाला सांगितलाय, कारण घरात तिच्याशिवाय कुणी मशरूम खात नाही आणि एकटीसाठी ती कधी करत नाही. वेटर सगळं लिहून घेतो. वीस मिनिटांनी मसाला पापड येतो. आणखी दहा मिनिटांनी तोच वेटर टेबलापासून दोन हात लांब उभा राहून सांगतो, "साहेब, मशरूम संपलंय. दुसरं काय देऊ?"

पुन्हा कार्ड उघडलं जातं. बेबी कॉर्न? तेही नाही. आणि सूप? चायनीजचा माणूस आज सुट्टीवर आहे. नातीचा चेहरा पडतो. सून म्हणते, "जाऊ द्या, काहीही आणा," आणि कार्ड मिटवून बाजूला सारते.

हॉटेलात जेवायला गेलेल्या माणसाच्या तोंडून 'काहीही आणा' निघालं, की त्या संध्याकाळचं जे काही बिघडायचं ते बिघडलेलं असतं. मग पुढे आलेली भाजी कितीही चांगली असो. या प्रकरणात आपल्याला ती मधली तीस मिनिटं उलगडून पाहायची आहेत. मशरूम संपणं ही रोजची, साधी गोष्ट आहे. स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही ती समजते. पण मशरूम नाही ही बातमी भटारखान्यात दुपारीच होती. ती टेबलावर पोचायला रात्रीचे नऊ का वाजले, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मेन्यूकार्डाच्या जाडीत, कांदा-टोमॅटोच्या ग्रेव्हीत आणि वेटर व आचारी यांच्यामधल्या त्या छोट्या खिडकीत सापडतं.

आधी ग्रेव्हीकडे जाऊ. मध्यम आकाराच्या एखाद्या हॉटेलच्या भटारखान्यात दुपारी चारच्या सुमाराला उभं राहावं. दुपारची जेवणं आटोपलेली, रात्रीची तयारी सुरू झालेली. मोठ्या टोपात कांदा परतला जात असतो, दुसऱ्यात टोमॅटो शिजत असतात, एका बाजूला भिजवलेले काजू आणि मगज वाटले जात असतात. यातून तीन-चार मूळ ग्रेव्ह्या तयार होतात: टोमॅटोची लाल, काजू-मगजाची पांढरी, भाजलेल्या कांद्याची तपकिरी, आणि पालक उकडून वाटलेली हिरवी. उत्तर हिंदुस्थानी म्हणून जी पानंच्या पानं भाज्या कार्डावर छापलेल्या असतात, त्या जवळजवळ सगळ्या या चार टोपांतून निघतात. फरक पडतो तो ऑर्डर आल्यावरच्या शेवटच्या चार-पाच मिनिटांत. कढईत तेल तापतं, लाल ग्रेव्हीचा एक डाव, वर ढोबळी मिरचीचे चौकोनी तुकडे आणि कुटलेले धणे पडले की ती कढाई. तीच लाल ग्रेव्ही, लोणी, साय आणि कसुरी मेथी आली की माखनवाला. तपकिरीत कांदा-लसूण मसाला आणि वर तळलेली लाल मिरची, की कोल्हापुरी. हे कसब आहे आणि त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही. गर्दीच्या वेळी एका शेगडीवरून दहा टेबलांना गरम जेवण देण्याचा दुसरा मार्गच नाही.

पण या रचनेत एक गोष्ट दडलेली आहे. कार्डावर दोनशे पदार्थ दिसत असले, तरी त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मुख्य वस्तू जेमतेम पंधरा-वीस असतात: पनीर, मशरूम, बेबी कॉर्न, काजू, पालक, फ्लॉवर, चिकन, अंडी, बासमती, मैदा, असं. त्यामुळे पदार्थ एकेकटे संपत नाहीत, गटाने संपतात. पनीर संपलं की कार्डाचा अख्खा एक रकाना जातो. तंदूरवाला आला नाही की रोटी, नान, कुलचा, टिक्का, सगळं एकदम जातं. बऱ्याच हॉटेलांत तंदूर संध्याकाळीच पेटवतात. कोळसा लावून भट्टीच्या भिंती तापायला वेळ लागतो, आणि दुपारच्या मोजक्या गिऱ्हाइकांसाठी तो खर्च परवडत नाही. म्हणून दुपारी दीड वाजता तंदुरी रोटी मागणाऱ्याला 'चपाती घ्या' सांगितलं जातं. कार्डावर मात्र 'तंदूर सायंकाळी 7 नंतर' एवढी ओळ छापलेली नसते. डोशाचंही तसंच. पीठ आंबायला रात्र जावी लागते. आज रात्री नऊला पीठ संपलं तर ते उद्या सकाळपर्यंत कुणी उभं करू शकत नाही. साबुदाणा भिजलेला नसेल तर खिचडी नाही. या सगळ्या 'नाही' आधीपासून माहीत असलेल्या आहेत. अचानक कोसळलेलं संकट यात क्वचितच असतं.

मशरूम तर या सगळ्यात नाजूक. बटण मशरूम थंड जागीही थोडेच दिवस टिकतं, मग काळवंडतं, पाणी सोडतं. ज्या हॉटेलात आठवड्यातून दोन-तीनच प्लेट मशरूम मसाला जातो, त्या मालकाने ते रोज आणून ठेवलं तर बहुतेक फेकावंच लागेल. तो आणत नाही, हे बरोबरच आहे. मग कार्डावर का ठेवतो?

कारण कार्ड हे घाबरून छापलेलं असतं. आपल्याकडे हॉटेलात जेवायला सहसा एकटा माणूस जात नाही, कुटुंब जातं. सहा जणांच्या टेबलावर एकाला चायनीज हवं, एकाला डोसा, एकाला साधा वरणभात. आणि त्यातला एक जण जरी 'इथे माझ्यासाठी काही नाही' म्हणाला, तरी सहाही जण उठून शेजारच्या हॉटेलात जातात. मालकाला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून शेजाऱ्याच्या कार्डावर जे आहे, ते आपल्याही कार्डावर हवं. शेजाऱ्याने मेक्सिकन पान वाढवलं की यानेही वाढवायचं. छापखानेवाल्याकडे तयार याद्या असतातच. असं करत कार्ड फुगत जातं आणि भटारखाना तेवढाच राहतो. पुढे भाव वाढतात तेव्हा प्रत्येक किमतीवर पांढरी चिकटपट्टी लावून नवा आकडा लिहिला जातो. दोनशे किमतींवर दोनशे पट्ट्या चिकटवायला ज्याला वेळ मिळतो, त्याने सहा महिने न मिळणाऱ्या पदार्थावर एक पट्टी चिकटवायला हवी. ती चिकटवली जात नाही, याचा मला मनापासून राग येतो.

कार्डावरून निवडून जेवणं ही पद्धत मुळात फार जुनी नाही. युरोपातही आधी खानावळच होती: ठरलेल्या वेळी एका लांब टेबलावर बसायचं आणि यजमान जे वाढेल ते खायचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये रेस्टॉरंटं सुरू झाली आणि आपापल्या टेबलावर, आपल्या वेळी, आपल्या पसंतीचं मागवण्याची सोय आली. तिथल्या सुरुवातीच्या नामांकित रेस्टॉरंटवाल्यांपैकी एक अंत्वान बोव्हिलिए. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत फ्रान्सिस ब्लॅग्डन हा इंग्रज तिथे गेला तेव्हा ते पदार्थांचं पत्रक पाहून चकित झाला. वर्तमानपत्राएवढा कागद, आणि वाचायलाच अर्धा तास हवा, असं त्याने नोंदवून ठेवलंय. म्हणजे लांबलचक कार्डाचा सोस रेस्टॉरंटच्या जन्माइतकाच जुना. निवड हीच तर तिथली खरी विकाऊ वस्तू होती. पोट खानावळीतही भरत होतंच.

आपल्याकडचा सर्वांत मोठा खाद्य-ॲप व्यवसायही मेन्यूकार्डांवरच उभा राहिला. 2008 मध्ये दीपिंदर गोयल आणि पंकज चढ्ढा यांनी दिल्लीतल्या हॉटेलांची कार्डं स्कॅन करून 'फूडीबे' नावाच्या संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली. त्याचंच पुढे झोमॅटो झालं. आता ॲपवर पदार्थ संपला की एक बटण दाबून तो लपवता येतो. करोनानंतर टेबलावर क्यूआर कोड आले, तिथेही तेच करता येतं. तरीही ते बटण कुणीतरी दाबावं लागतं, आणि शनिवारी रात्री गल्ल्यावर रांग लागलेली असताना ते दाबायला कुणी मोकळं नसतं. कागद गेला, सवय राहिली.

मासळीच्या हॉटेलांची गोष्ट जरा वेगळी आहे आणि तिच्यावर थोडं थांबायला हवं. तिथे 'नाही' म्हणणं हा चांगुलपणा असू शकतो. पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. या दिवसांत मालवणी हॉटेलात पापलेट, सुरमई मिळते ती एकतर बर्फातली किंवा दुसऱ्या किनाऱ्याहून आलेली. जाणकार गिऱ्हाईक तेव्हा खाडीची मासळी, तिसऱ्या, सुकट, सुके बोंबील मागतं. एरवीही कार्डावर पापलेटसमोर आकडा नसतो. 'आकारानुसार' असं लिहिलेलं असतं, म्हणजे वेटरला विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. हे विचारणं फार मोलाचं आहे. ज्या हॉटेलात मालक स्वतः येऊन सांगतो, "आज सुरमई नका घेऊ, हलवा चांगला आलाय," तिथे लोक वर्षानुवर्षं जातात. आणि पापलेटचं म्हणाल तर, रुपेरी पापलेटला महाराष्ट्राने 2023 मध्ये राज्यमासा म्हणून जाहीर केलं ते त्याची संख्या घटत चालल्याच्या काळजीपोटी. वाढ पुरी न झालेली पिल्लं पकडली गेली की ती थाळीत येतात आणि पुढच्या वर्षीचा मासा आजच संपतो. तळहाताएवढं पापलेट समोर आलं तर 'आज पापलेट नाही' हे वाक्य त्यापेक्षा बरं होतं, असं मला वाटतं.

आता त्या खिडकीकडे येऊ, जिच्यातून वेटर ऑर्डर आत सांगतो. पहिली बाब म्हणजे, हॉटेलात ऑर्डर वाहते ती उलट्या दिशेने. पगाराने आणि मानाने वेटर खालचा, आचारी वरचा. वस्तादाला सगळे वचकून असतात. तो रुसून गेला तर हॉटेल बंद पडेल. आणि खालचा माणूस वरच्याला दर दोन मिनिटांनी 'हे कर, ते कर, लवकर कर' सांगतो. विल्यम फूट व्हाइट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोच्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला. 1948 मध्ये त्याचं पुस्तक आलं. गर्दीच्या वेळी वेट्रेस रडतात का, इथपर्यंत त्याने बारकाईने पाहिलं. त्याला दिसलं की आतले पुरुष बाहेरच्या मुलींच्या तोंडी हुकमांना चिडून मुद्दाम उशीर करतात. जिथे ऑर्डर चिठ्ठीवर लिहून एका उभ्या खिळ्याला टोचून ठेवली जाई, तिथे भांडणं कमी होत. चिठ्ठी कुणी हुकूम म्हणून ऐकत नाही, आचारी आपल्या सोयीने ती उचलतो. आज आपल्या हॉटेलांत जिला केओटी म्हणतात, ती किचनची चिठ्ठी याच जातीची.

पण चिठ्ठी एकाच दिशेने जाते. बाहेरून आत. आतून बाहेर 'पनीर फक्त चार प्लेट उरलंय' असं सांगणारी चिठ्ठी बहुतेक ठिकाणी नसतेच. वेटरने विचारायचं म्हटलं तर वस्तादाचं ओरडणं ऐकायचं: "दिसत नाही का, हात मोकळे आहेत का माझे?" म्हणून तो विचारत नाही. ऑर्डर लिहून चिठ्ठी टाकतो. ती आपल्या पाळीने उचलली जाते, वीस-पंचवीस मिनिटांनी, आणि तेव्हा आचाऱ्याला वाचून कळतं की हा पदार्थ होणार नाही. मग आतून आरोळी येते, आणि वेटर ती बातमी घेऊन त्या टेबलाकडे निघतो. सुरुवातीच्या प्रसंगातला वेटर दोन हात लांब का उभा होता, ते इथे लक्षात येतं. त्याच्या हातात काही नव्हतं आणि शिव्या त्यालाच खायच्या होत्या.

मनात नसलेलं हसू चेहऱ्यावर ठेवणं हेही श्रमच आहेत, हे आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्ये विमानातल्या परिचारिकांचा अभ्यास करून मांडलं. भावनांची मजुरी असं आपण तिला म्हणू शकतो. हॉटेलातला वेटर ती मजुरी दिवसातून दहा-बारा तास करतो. बऱ्याचदा तो उडुपीकडचा, नेपाळचा, ओडिशाचा किंवा बिहारचा असतो, हॉटेलच्याच माळ्यावर राहतो, आणि 'आज ते नाही' एवढंच मराठी त्याला पुरेपूर येतं. त्याच्या तोंडातून ते कोरडं निघतं म्हणून आपण त्याला उर्मट ठरवतो. त्यातला निम्मा तरी उर्मटपणा हा दमणुकीचा असतो.

टेबलावर बसलेल्या माणसाचं काय होतं, तेही पाहू. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये दाखवून दिलं की तेवढ्याच मोलाची गोष्ट मिळाल्याच्या आनंदापेक्षा हातची गेल्याचं दुःख माणसाला जास्त होतं. मशरूम मसाला अजून आलेला नव्हता, तरी सुनेने तो मनाने घेतला होता. कार्ड मिटवल्यापासूनचा प्रत्येक मिनिट ती त्याचीच वाट पाहत होती. पहिल्याच मिनिटाला 'मशरूम नाही' कळलं असतं तर ती एक माहिती होती. तिसाव्या मिनिटाला कळलं तेव्हा तिच्या पानातलं काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. वाट पाहण्याबद्दल डेव्हिड मायस्टर यांनी 1985 मध्ये लिहिलेला एक लेख अजूनही हॉटेल व्यवसायाच्या वर्गांत वाचला जातो. त्यांचं म्हणणं असं की घड्याळातला वेळ आणि मनातला वेळ वेगळे. कारण न सांगितलेला उशीर लांब वाटतो. किती वेळ लागेल हे ठाऊक नसलं की लांब वाटतो. हात रिकामे असले की लांब वाटतो. म्हणून मसाला पापड आधी येतो, ही हॉटेलवाल्यांची पिढीजात हुशारी आहे. पण पापडाने मिळवलेली दहा मिनिटं 'संपलंय' या एका शब्दाने जातात, कारण आता घड्याळ पुन्हा शून्यावर आलेलं असतं. नवी ऑर्डर, नवी चिठ्ठी, रांगेत शेवटी.

चूक झाल्यावर ती नीट निस्तरली तर गिऱ्हाईक उलट जास्त खूश होतं, असा एक विचार 1992 पासून व्यवस्थापनाच्या पुस्तकांत फिरतो आहे. हॉटेलमालकांना तो फार आवडतो: काहीतरी गोड फुकट पाठवलं की झालं. 2007 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी या विषयावरचे आधीचे अभ्यास एकत्र तपासले. त्यांना आढळलं की समाधान त्या वेळेपुरतं वाढलेलं दिसतं, पण माणूस पुन्हा येईलच किंवा चार जणांना चांगलं सांगेलच, असा आधार मिळत नाही. फुकटचा गुलाबजाम खाऊन माणसं निघतात आणि पुढच्या वेळी शेजारच्या हॉटेलात जातात. तेव्हा आधीच सांगणं, हाच एक उपाय भरवशाचा.

उघडपणे सांगणाऱ्याला लोक किती समजून घेतात, याचं मोठं उदाहरण ब्रिटनमध्ये घडलं. फेब्रुवारी 2018 मध्ये केएफसीने तिथल्या मालवाहतुकीचं काम नव्या कंपनीकडे दिलं आणि काही दिवसांतच कोंबडी विकणाऱ्या या साखळीकडे कोंबडीच उरली नाही. सुमारे 900 पैकी निम्म्याहून कितीतरी जास्त दुकानं बंद ठेवावी लागली. कंपनीने वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन रिकाम्या बादलीचं चित्र छापलं, आपल्याच नावाची अक्षरं इकडची तिकडे करून स्वतःला शिवी घातली आणि सरळ माफी मागितली. आपल्याकडे जुलै 2023 मध्ये टोमॅटोचे भाव भडकले, चांगला माल मिळेना. तेव्हा उत्तर आणि पूर्व भारतातल्या मॅकडोनाल्ड्सच्या अनेक दुकानांनी काही काळ टोमॅटो वगळला आणि तशी सूचना दारावर लावली. त्या सूचनेचे फोटो देशभर फिरले, पण काउंटरवर कुणाची फसगत झाली नाही. दारावर वाचून आत यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवलं.

1965 साली तर अख्ख्या देशाने 'आज नाही' ऐकलं होतं. धान्याची टंचाई, त्यात युद्ध. लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडण्याचं आवाहन केलं आणि सोमवारी संध्याकाळी हॉटेलं चुली बंद ठेवू लागली. त्या सोमवारांची आठवण काढताना आपल्या घरांतली वडीलधारी माणसं तक्रार करत नाहीत. कारण ठाऊक होतं, वेळ ठाऊक होती, आणि सांगणारा स्वतःही उपाशी राहत होता. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेनासा झाला तेव्हा आपण रव्याची इडली केली, असं बंगळूरचं एमटीआर सांगतं. जे नाही त्यावर हात चोळत न बसता, जे आहे त्यातून नवं काही उभं करणारा भटारखाना किती मोठा असतो, ते त्या काजू-मोहरी लावलेल्या पिवळसर इडलीत दिसतं.

महाराष्ट्राला कार्डाशिवाय जेवायची सवय चांगली होती. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकांच्या खानावळीत महिन्याचे पैसे भरून जेवत. चाळीतल्या एका खोलीत बाई पहाटेपासून भाकऱ्या थापत. वीस-पंचवीस मेंबर आपल्या पाळीप्रमाणे येऊन जेवून जात. आज काय आहे, हे पानात पडल्यावरच कळे. या बायकांना सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. या खानावळींबद्दलही कुरकुर असे, आमटी पातळ झाली, भाजी तीच ती झाली. पण मागितलेलं आलं नाही, ही तक्रार तिथे जन्मालाच येऊ शकत नव्हती. पुण्याच्या मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी बंद, हे पाटीवर लिहिलेलं असे आणि विद्यार्थी त्याप्रमाणे आपली सोय पाहत. मिसळीच्या नावाजलेल्या दुकानांत दुपारी तर्री संपली की शटर अर्धं खाली येतं. उशिरा आलेला माणूस हळहळतो, पण दुकानदाराला बोल लावत नाही. उलट उद्या लवकर येतो. तिथे संपणं ही मालाच्या ताजेपणाची खूण समजली जाते. हाच माणूस चौदा पानी कार्डासमोर बसला की चिडतो, कारण चौदा पानांनी त्याला सगळं आहे असं सांगितलेलं असतं.

कायदा यात कुठवर येतो? मेन्यूकार्ड हा कायद्याच्या भाषेत प्रस्ताव नव्हे, प्रस्तावाचं आमंत्रण आहे. दुकानाच्या काचेतल्या वस्तूसारखंच. गिऱ्हाईक ऑर्डर देतं तो प्रस्ताव, आणि तो हॉटेलने स्वीकारावा लागतो. म्हणून 'मशरूम नाही' म्हटल्याबद्दल कुणाला खेचता येत नाही. पण रस्त्यावर फलक लावून लोकांना आत ओढायचं आणि बसल्यावर ती थाळी 'संपली' म्हणून महागडी पुढे करायची, हे वेगळं. माल त्या किमतीला देण्याची वाजवी शक्यता नसताना केलेली अशी आमिषाची जाहिरात चालणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे. सांगितलेल्या माशाऐवजी न विचारता दुसरा वाढला, तर ती 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार होते. आणि सेवा मनासारखी नव्हती तरी बिलात आपोआप जोडलेलं सेवाशुल्क? ते सक्तीचं करता येणार नाही, असं याच प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने 28 मार्च 2025 ला ते उचलून धरलं. बिल हाती आल्यावर ती ओळ शोधावी आणि काढून मागावी. ऐकलं नाही तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. एका प्लेट मशरूमसाठी कुणी आयोगात जाणार नाही, पण शंभर रुपयांचं सक्तीचं सेवाशुल्क रोज तीनशे टेबलांवर लागतं, हे लक्षात ठेवून एखाद्याने जावं.

बरी चाललेली हॉटेलं यावर जे करतात ते अगदी साधं आहे. संध्याकाळी दारं उघडण्याआधी दहा मिनिटं सगळे वेटर, कॅप्टन आणि वस्ताद एकत्र उभे राहतात. आज काय नाही, काय कमी आहे, काय चांगलं जमलंय, हे वस्ताद स्वतः सांगतो. चांगलं जमलेल्याची चव वेटरांना देतात. हे चव देणं महत्त्वाचं आहे. ज्याने पदार्थ खाल्लेलाच नाही तो "आज भरली वांगी घ्या, मस्त झालीत" हे मनापासून म्हणू शकत नाही. गर्दी सुरू झाली की खिडकीशेजारच्या फळ्यावर संपलेल्या पदार्थाचं नाव खडूने लिहिलं जातं, आणि चिठ्ठी टाकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांना ते दिसतं. वस्तादाला ओरडावं लागत नाही, वेटरला विचारावं लागत नाही. व्हाइटच्या खिळ्याने बाहेरून आत जाणारी बातमी सोपी केली होती, हा फळा आतून बाहेर येणारी करतो. पाणी ठेवतानाच वेटर सांगतो, "आज मशरूम आणि बेबी कॉर्न नाही, चायनीज बंद आहे, बाकी सगळं मिळेल." मग नातीसाठी टोमॅटो सूप ठरतं, पहिल्याच मिनिटाला, रडारड न होता.

आपणही एक गोष्ट करू शकतो. कार्ड हातात घेण्याआधी वेटरला नावाने, निदान 'दादा' म्हणून हाक मारावी आणि विचारावं, "आज काय नाहीये?" बहुतेक लोक 'काय स्पेशल आहे' विचारतात आणि त्याला पाठ केलेलं उत्तर मिळतं. 'काय नाही' विचारलं की वेटर क्षणभर थबकतो, मग मान वळवून त्या खिडकीकडे पाहतो, आणि बऱ्याचदा चिठ्ठी न टाकताच आत विचारून येतो.